जयघोष, गुडघे आणि कान: स्तोत्र ९५ उपासनेत कसे चालवावे

प्रश्न असा आहे: रविवारच्या उपासनेत तरुण संघाला टाळ्या, ढोलकी आणि जोशाची गीते हवी असतात. वडीलजनांना वाटते की देवाच्या घरात शांतता आणि भय असावे. दोन्ही बाजू बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचाच आधार देतात. मग पहिला अर्धा भाग जोशाचा आणि दुसरा शांततेचा, अशी वाटणी करावी का?

वाटणी करू नका. ती केली की दोन्ही गट आपापला भाग सांभाळतात आणि दुसऱ्याचा भाग संपायची वाट पाहतात. शिवाय स्तोत्रांनीच ही वाटणी केलेली नाही. स्तोत्र २:११ एकाच ओळीत भय धरून सेवा करायला आणि कापत कापत हर्ष करायला सांगते. स्तोत्र ३४:२ म्हणते की परमेश्वराची थोरवी ऐकून दीनजन हर्ष करतील. स्तोत्र १४९ च्या तिसऱ्या वचनात नाच, डफ आणि वीणा आहेत. लगेच चौथ्या वचनात कारण दिले आहे की परमेश्वर दीनांना तारणाने भूषित करतो. म्हणजे डफ वाजवणारे आणि दीन ही तिथे एकच माणसे आहेत.

या बाबतीत सर्वांत उपयोगी पडते ती २ शमुवेल ६ मधली घटना. दावीद राजा कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) यरुशलेमला आणायला निघतो, तो दोनदा. पहिल्या वेळी नवी गाडी, वीणा, सारंग्या, डफ, झांजा आणि सगळे इस्राएल जल्लोष करत असते. वाटेत बैल अडखळतात, उज्जा कोशाला हात लावतो आणि तिथेच मरतो. कोश तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहतो. दुसऱ्या वेळीही जयघोष आहे, शिंगांचा नाद आहे, आणि दावीद तर सगळे बळ लावून नाचतो आहे. आनंद कमी केलेला नाही. बदलले ते एवढेच की कोश आता गाडीवर नसून माणसांच्या खांद्यावर आहे. गणना ७:९ मध्ये तसेच ठरवून दिलेले होते. वाहणारे सहा पावले चालल्यावर अर्पण केले जाते. पुढे त्याची बायको मीखल टोमणा मारते तेव्हा दावीद सांगतो की हे परमेश्वरासमोर होते, आणि मी स्वतःच्या दृष्टीने याहूनही नीच होईन. त्याचे नाचणे हीच त्याची नम्रता होती. पहिल्या वेळी कमी पडले ते ऐकणे.

हे ‘ऐकणे’ लक्षात ठेवा. स्तोत्रांत नम्रता आवाजाच्या उंचीवर ठरत नाही, देवाचे ऐकले की नाही यावर ठरते. आणि हे पायरी-पायरीने शिकवणारे सर्वांत नेमके स्तोत्र म्हणजे ९५. अकरा वचने. सावकाश वाचायला दोन मिनिटे पुरतात.

त्याची बांधणी आधी नीट पाहा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वचने १-२ मध्ये बोलावणे आहे: या, गाऊ, जयघोष करू, उपकारस्तुती करत त्याच्यासमोर येऊ. वचने ३-५ मध्ये कारण: परमेश्वर थोर राजा आहे, पृथ्वीची खोल स्थळे आणि पर्वतांची शिखरे त्याच्या हाती आहेत, समुद्र आणि कोरडी जमीन त्यानेच केली. वचन ६ मध्ये दुसरे बोलावणे, आणि ते थेट शरीराला आहे: वाकू, नमन करू, गुडघे टेकू. वचन ७ च्या पहिल्या भागात पुन्हा कारण: तो आमचा देव, आम्ही त्याच्या कुरणातले लोक, त्याच्या हातचे कळप. आणि मग कोणतीही तयारी न करता तिसरा भाग सुरू होतो: आज त्याची वाणी ऐकाल तर मने कठीण करू नका. आठव्या वचनापासून शेवटपर्यंत देव स्वतः प्रथमपुरुषी बोलतो. मरीबा आणि मस्सा इथे तुमच्या पूर्वजांनी माझी परीक्षा पाहिली, चाळीस वर्षे मला त्या पिढीचा वीट आला, ते माझ्या विसाव्यात येणार नाहीत अशी मी शपथ वाहिली. स्तोत्र इथेच थांबते. पुढे हालेलूया नाही, आशीर्वाद नाही.

दोन कारणांमधला फरक मंडळीला दाखवून द्यावा. जयघोषाचे कारण देवाचे सामर्थ्य आहे आणि गुडघे टेकण्याचे कारण त्याची जवळीक आहे. आपण सहसा उलट गृहीत धरतो, की सामर्थ्याने माणूस वाकेल आणि प्रेमाने नाचेल. या स्तोत्रात डोंगर-समुद्र पाहून तोंड उघडते, आणि ‘तो आमचा’ हे कळल्यावर गुडघे वाकतात. त्यामुळे गुडघे टेकण्याच्या वेळी भीती दाखवणारी गीते लावू नका. मेंढपाळाचे गीत लावा.

आता प्रत्यक्ष मांडणी. स्तोत्रासाठी उपासनेच्या सुरुवातीची २० ते २५ मिनिटे धरा.

सुरुवातीला संचालकाने स्वागत, सूचना, वाढदिवस यांतले काहीही करू नये. उभे राहून वचने १-२ मोठ्याने म्हणावीत आणि लगेच गीत सुरू करावे. जोशाची गीते दोनच, तिसरे नको. तिसऱ्या गीतापर्यंत मंडळीचा श्वास आणि लक्ष दोन्ही संपतात, आणि गुडघे टेकणे मग दमल्यामुळे बसल्यासारखे होते. केहरवा किंवा भजनी ठेका चालेल. लय पहिल्या गीतात मध्यम ठेवा, दुसऱ्यात थोडी वाढवा. ढोलकीवाला पहिल्याच ओळीला द्रुत लयीत गेला तर वयस्कर माणसे शब्द सोडून देतात आणि नुसत्या टाळ्या वाजवतात.

पट्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात. स्त्री-पुरुष एकत्र गाणार असतील तर षड्ज पांढरी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) आसपास ठेवा. चाल तार ऋषभापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘रे’पर्यंत) गेली तर या पट्टीत बहुतेकांना झेपते. त्याच्याही वर जात असेल तर ती चाल एकट्या गायकाची आहे, समूहाची नाही. मुख्य गायकाच्या गळ्याला शोभते म्हणून पट्टी चढवली की मंडळी गप्प होते, आणि मग स्तोत्रातले ‘आपण गाऊ’ खोटे ठरते. तपासायचे सोपे साधन आहे: दुसऱ्या गीताचे शेवटचे धृपद सगळी वाद्ये थांबवून म्हणा. मंडळीचा आवाज भरून आला तर पट्टी आणि ध्वनियोजना ठीक आहे. फक्त माइकवरचे दोघे-तिघे ऐकू आले तर पुढच्या रविवारी स्पीकरचा आवाज कमी करा आणि पट्टी उतरवा.

पारंपरिक अभंग-भजनाच्या चाली असतील तर त्या जरूर घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यापासून मराठी ख्रिस्ती मंडळीत भजनाचा हा ठेवा चालत आलेला आहे, आणि धृपद परत परत येत असल्याने पुस्तक न बघता गाता येते. टाळ कोणी धरायचे ते आधी ठरवून द्या. दहा जणांच्या हातात टाळ गेले की शब्द बुडतात.

दोन गीतांच्या मध्ये वचने ३-५ वाचलीच पाहिजेत. हा भाग सर्वांत जास्त वगळला जातो, आणि इथेच पुष्कळ उपासनांचा आनंद पोकळ होतो. ‘जय असो, जय असो’ दहा वेळा म्हटले आणि कशासाठी ते एकदाही म्हटले नाही, तर मंडळी आपल्याच उत्साहावर खूश होते. स्तोत्रांत जयघोषाच्या मागे जवळजवळ नेहमी ‘कारण’ येते. स्तोत्र १३६ मध्ये तर २६ वचनांत २६ वेळा तेच धृपद आहे आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आधी देवाचे एखादे कार्य आहे. म्हणून गीत निवडताना एक कसोटी लावा: देवाने काय केले हे त्यात सांगितले आहे का? निदान दोनपैकी एका गीतात तरी असावे. नसेल तर संचालकाने दोन गीतांच्या मध्ये एक वाक्य बोलावे, आणि ते स्तोत्रातलेच असावे. स्वतःचे भाषण करू नये.

हे वाचन उत्तर-प्रत्युत्तर पद्धतीने करता येते. बहुतेक वचनांना दोन अर्धे आहेत: पहिल्यात एक गोष्ट म्हटली जाते, दुसऱ्यात तीच पुढे नेली जाते किंवा वेगळ्या बाजूने सांगितली जाते. पहिला अर्धा संचालकाने आणि दुसरा मंडळीने म्हणावा, किंवा उजव्या आणि डाव्या बाजूने वाटून घ्यावा. दोन अर्ध्यांच्या मध्ये एक श्वास थांबा. या थांब्याची सवय व्हायला तीन-चार रविवार लागतात. आधी गायकवृंदाला शिकवा, मग मंडळी आपोआप त्यांच्यामागे येते. वचनाच्या शेवटी मात्र थांबू नका, दुसऱ्या बाजूने लगेच उचलावे.

दुसरे गीत संपले की वाद्ये पूर्ण बंद. कीबोर्डवर मागे एक लांब सूर धरून ठेवायची पद्धत पडली आहे, ती इथे तरी सोडा. तो सूर मंडळीला काय वाटायला हवे ते सांगत राहतो. दहा-पंधरा सेकंद काहीही ऐकू येऊ नये. लहान मुले बोलतील, पंखा वाजेल, ते चालते. मग एकाच आवाजात, माइकशिवाय जमत असेल तर माइकशिवाय, वचन ६.

आणि मग खरेच गुडघे टेका. हे सांगावे लागते, कारण ‘आपण गुडघे टेकू’ असे म्हणत ताठ उभी राहणारी मंडळी कितीतरी आहे. सतरंजीवर बसणाऱ्या मंडळीत ते सोपे आहे. बाकांच्या मध्ये जागा कमी असेल तर बाक चार-सहा इंच मागे घ्या किंवा बसल्या जागी कपाळ पुढच्या बाकाला टेकेल इतके वाकायला सांगा. गुडघेदुखी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि वयस्करांनी बसूनच मान लववावी, हे उपासना सुरू होण्याआधी एकदा सांगून ठेवावे. त्या क्षणी सांगत बसलात तर शांतता मोडते आणि ज्यांना जमत नाही ते ओशाळतात. पाळक आणि संचालक यांनी सर्वांआधी गुडघे टेकावेत, आणि मंडळीकडे तोंड करून नव्हे. पुढे उभे राहून इतरांना वाकायला सांगणारा माणूस या स्तोत्रात कुठेच नाही. तिथे सगळी क्रियापदे ‘आपण’ची आहेत.

गुडघ्यांवर असतानाच वचन ७ चा पहिला भाग सगळ्यांनी मिळून म्हणावा. त्यानंतर हवे असल्यास मेंढपाळाच्या गीताचे एकच कडवे, वाद्यांशिवाय. पापांगिकाराची प्रार्थना तुमच्या क्रमात असेल तर तिची जागा इथे आहे. गुडघ्यांवरचा सगळा वेळ तीन-चार मिनिटांहून जास्त नको. पाय दुखू लागले की मन देवाकडून गुडघ्यांकडे जाते.

आता तिसरा भाग, आणि इथे वाचक बदला. वचने ७ चा उत्तरार्ध ते ११ हे देवाचे बोलणे आहे, म्हणून मंडळीने ते एकत्र म्हणू नये. देवाने आपल्याला सांगितलेले आपणच कोरसमध्ये म्हणू लागलो की ऐकणारा कोणी उरत नाही. मंडळी उठून बसेल. एका वाचकाने, आतापर्यंत न बोललेल्या माणसाने, मागून किंवा बाजूने वाचावे. आवाज नाटकी करू नये, रागावल्यासारखा तर मुळीच नाही. ‘माझ्या विसाव्यात येणार नाहीत’ इथे पोहोचल्यावर पुस्तक मिटावे, आणि कोणतेही गीत मध्ये न घेता थेट शास्त्रपाठ सुरू करावा.

शास्त्रपाठ कोणता? पहिल्यांदा करत असाल तर निर्गम १७:१-७ घ्या. रफीदीमला (त्याच जागेला मस्सा आणि मरीबा हे नाव पडले) पाणी नाही, लोक कुरकुरतात, मोशे खडकावर काठी मारतो. ‘परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही’ हा त्यांचा प्रश्न होता, तीच ती परीक्षा. दुसऱ्या वेळी गणना २०:१-१३ घ्यावे, कारण तिथे चूक लोकांपुरती राहत नाही, मोशे आणि अहरोनही सापडतात. पाळकांनी हा पाठ स्वतःला धरून वाचावा. तिसऱ्यांदा इब्री लोकांस पत्र ३:७ ते ४:११. तिथे हाच उतारा घेऊन ‘आज’ हा दिवस अजून उभा आहे असे समजावून सांगितले आहे.

या तिसऱ्या भागावरच सर्वांत जास्त कात्री चालते. १७८९ च्या अमेरिकन अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने सकाळच्या प्रार्थनेतल्या या स्तोत्राचा शेवट काढून त्या जागी स्तोत्र ९६ ची दोन वचने जोडली, तर १६६२ च्या इंग्लिश पुस्तकात ते पूर्ण होते. काढणाऱ्यांचा हेतू समजतो: दिवसाची सुरुवात अशा कडक शब्दांनी का करावी? पण शेवट काढला की उरते ते छान गाणे आणि छान वाकणे. ज्या पिढीला रानात मन्ना (देवाने पाठवलेले अन्न) मिळत होता, जिने समुद्रातून बाहेर पडल्यावर डफ घेऊन गाणे म्हटले होते (निर्गम १५), तीच पिढी दोन अध्यायांनंतर कुरकुरली. तिला गाता येत नव्हते असे नाही. म्हणून स्तोत्र पूर्णच वाचा. मंडळी अस्वस्थ झाली तर होऊ द्या, संदेश त्या अस्वस्थतेतूनच सुरू होईल.

जुन्या मठांतही हे स्तोत्र रोज रात्रीच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला असे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमात ते मुद्दाम सावकाश, लांबवून म्हणायला सांगितले आहे, म्हणजे उशिरा उठलेल्यांना पोहोचायला वेळ मिळतो. लॅटिन परंपरेत क्रमांक एकने मागे असल्याने तिथे ते ९४ वे आहे. जुनी कॅथलिक पुस्तके वापरणाऱ्यांचा यात गोंधळ होतो. आजच्या कॅथलिक दैनिक प्रार्थनेतही ते आवाहनाचे स्तोत्र आहे, आणि त्याऐवजी १००, ६७ किंवा २४ घेण्याची मुभा आहे.

हे पर्याय तुम्हालाही उपयोगी आहेत, कारण दर रविवारी ९५ केले तर त्याची धार जाते. महिन्यातून एकदा पुरे. प्रभुभोजनाचा रविवार योग्य. मुले जास्त असतील तेव्हा स्तोत्र १०० घ्या: पाच वचने, सात आज्ञा. जयघोष करा, सेवा करा, या, जाणा, प्रवेश करा, उपकार माना, धन्यवाद द्या. सात मुलांना एकेक आज्ञा देऊन मोठ्याने म्हणायला लावा. मधली ‘जाणा’ ही चौथी आज्ञा मात्र सर्वांनी मिळून म्हणावी: परमेश्वर हाच देव आहे, त्यानेच आपल्याला केले. तेवढ्या एका वचनात नम्रता पुरेशी आहे. उपकारस्तुतीच्या उपासनेला स्तोत्र ८१ घ्या. त्याची चाल ९५ सारखीच आहे: आधी डफ, वीणा आणि शिंग, मग मरीबाची आठवण आणि ‘माझ्या लोकांनी माझे ऐकले नाही’. पण शेवटी उत्तम गहू आणि खडकातला मध आहे, त्यामुळे पिकाच्या सणाला ते शोभते.

नम्रतेच्या नावाखाली होणारी एक चूक स्वतंत्रपणे सांगायला हवी. काही प्रार्थनांत माणूस स्वतःला इतके हिणवतो की ऐकणाऱ्याला संकोच वाटावा: मी किडा, मी माती, मी काहीच नाही. ‘मी किडा आहे’ हे स्तोत्र २२:६ मध्ये आहे, पण ते लोकांनी तुच्छ लेखलेल्या, यातनेत सापडलेल्या माणसाचे बोल आहेत. रोजच्या प्रार्थनेचा तो नमुना नाही. स्तोत्र ८ मध्ये माणूस आकाश पाहून लहान होतो आणि पुढच्याच वचनात त्याला गौरवाचा मुकुट मिळतो. स्तोत्र १३१ तर अवघ्या तीन वचनांचे आहे. माझे हृदय गर्विष्ठ नाही, मला न झेपणाऱ्या गोष्टींच्या मागे मी लागत नाही, आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा माझा जीव शांत आहे. तिथे स्वतःबद्दल वाईट बोलणे नाही, फक्त मोठेपणाचा हव्यास सोडणे आहे. प्रार्थना करणाऱ्यांना हे स्तोत्र पाठ करायला द्या. सार्वजनिक प्रार्थनेत ‘मी’ किती वेळा येतो ते त्यांनी स्वतःच मोजावे. स्वतःला हिणवण्यातही ‘मी’च मधोमध बसलेला असतो.

दुसऱ्या बाजूची चूक म्हणजे आनंदाची सक्ती. ‘सगळ्यांनी हसा, हात वर करा, शेजाऱ्याला म्हणा’ असे पुढून सांगितले जाते तेव्हा त्याच आठवड्यात घरात मयत झालेला माणूस बाकावर बसलेला असतो. स्तोत्रसंहितेतली निदान एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. ती वगळून फक्त जयघोषाची घेतली तर तुम्ही स्तोत्रसंहितेप्रमाणे उपासना करत नाही. महिन्यातून एकदा स्तोत्र १३ घ्या. सहा वचने: चार वेळा ‘कोठवर’, मग विनवणी, मग पाचव्या वचनात भरवसा आणि सहाव्यात गाणे. पहिली चार वचने एका माणसाने वाचावीत, शेवटची दोन मंडळीने. ज्याला स्वतःला गाता येत नाही त्याच्या वतीने मंडळी गाते. स्तोत्र ८८ मात्र अंधारातच संपते. ते दुःखात असलेल्या घरी जाऊन वाचायचे असेल तर शेवटी स्वतःचे सांत्वनाचे वाक्य जोडू नका. वाचा, थोडा वेळ बसून राहा आणि प्रार्थना करून उठा.

घरच्या प्रार्थनेत ९५ दहा मिनिटांत होते. एकाने पहिली दोन वचने म्हणावीत, मुलांनी त्या दिवसात पाहिलेली देवाने केलेली एकेक वस्तू सांगावी, ती वचने ३-५ ची जागा. एक कडवे गावे. सगळ्यांनी गुडघे टेकावेत. सातवे वचन घरातल्या सर्वांत वडील माणसाने म्हणावे, पण ‘आज ऐकाल तर’ पासूनचा भाग सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाकडे द्या. मोठ्यांनी तो गुडघ्यांवरून ऐकावा. नंतर मुलाला काही समजावून सांगायची घाई करू नका. त्याने विचारले तर मरीबाची गोष्ट सांगा, आणि पाण्यासाठी कुरकुर करणाऱ्यांत आपल्यालाही मोजा.